नायिकेच्या सासूबाईंना अर्पण

आमच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटात एक कादंबरी आहे. तिची लेखिका अस्तित्वातच नाही. मलपृष्ठावर तिचा फोटो आहे, नाकात नथ, हातात पेन. खाली परिचय आहे: जन्म एका लहान खेड्यात, शिक्षण बारावी, लग्नानंतर स्वयंपाकघराच्या ओट्यावर लेखन, ही पहिलीच कादंबरी. फोटो एका नटीचा आहे आणि परिचय संध्याकाळी साडेसातच्या मालिकेतल्या सुनेचा. कादंबरी मात्र खरी आहे. दोनशे आठ पानं, दुकानात विकत मिळत होती. ती लिहिली माझ्या थोरल्या नणंदेनं, बदलापूरला, खरवईच्या बाजूला असलेल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात, अकरा आठवड्यांत.

हे कुणाला सांगायचं नाही असं कलम करारात होतं. सही माझी नाही, नणंदेची आहे. तरी कलम मी पाळते, म्हणून इथे मालिकेचं, पुस्तकाचं, माणसाचं, कुणाचंच नाव येणार नाही. जे सांगायचं आहे ते त्या पुस्तकाच्या एकाच पानाबद्दल आहे आणि त्या पानावर नाव नव्हतंच.

माझ्या नणंदेला आम्ही सगळे ताई म्हणतो. वांगणीच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग शिकवले आणि दिवाळी अंकांतून कथा लिहिल्या, वर्षाला एक, फार तर दोन. पुस्तक एकही नाही. एका प्रकाशकाकडे त्यांच्या कथांची फाइल दोन वर्षं पडून होती. मागवून घेतली, तर पाकिटातून दुसऱ्याच कुणाच्या कविता परत आल्या. ताईंनी त्या कविता नीट वाचल्या, त्या गृहस्थांचा पत्ता शोधून त्यांना पाठवून दिल्या आणि सोबत लिहिलं, "तिसरी चांगली आहे." स्वतःच्या कथा त्यांनी पुन्हा मागितल्या नाहीत.

मालिकेतली सून घरच्यांपासून लपवून कादंबरी लिहिते, ती उघडकीला येते, घरात रणकंदन होतं आणि शेवटी सासूच पुढाकार घेऊन ती छापून आणते, असं दाखवायचं ठरलं होतं. प्रकाशन सोहळा दाखवायचाच आहे तर पुस्तकही खरंच काढू, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. लिहायला कुणीतरी हवं होतं. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ताईंचं नाव सुचवलं.

करार घेऊन ताई रविवारी अंबरनाथला आमच्याकडे आल्या. आमच्या घरात करार, फॉर्म, विम्याचे कागद मीच वाचते. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला ते येतं म्हणून.

"वाच आणि सांग," ताई म्हणाल्या. "मला जे कळतंय तेच त्यात लिहिलंय का बघ."

मी दोनदा वाचला. कागदाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे काय मिळणार, उजवीकडे काय सोडावं लागणार, असं लिहून दिलं.

"म्हणजे नाव नाही," ताई म्हणाल्या.

"नाव नाही. पण पुस्तक आहे."

"माझं पहिलं पुस्तक. आणि त्यावर एका न जन्मलेल्या बाईचं नाव."

"जन्मली नाही म्हणून काय झालं?" माझा नवरा मध्ये बोलला. ताईंचा तो धाकटा भाऊ. "रोज साडेसातला येते आपल्याकडे. तू महिन्यातून एकदा येतेस."

"तिला तुझ्या हातचे पोहे खावे लागत नाहीत ना, म्हणून येते."

हसणं झालं. मग मी माझ्या पद्धतीनं समजावलं. मी उल्हासनगरला जीन्सच्या एका कारखान्याचं ऑफिस सांभाळते. ऑर्डर, माप, लेबल, पाठवणी हे सगळं माझ्या यादीप्रमाणे चालतं. आम्ही शिवलेल्या पँटींवर आमचं नाव कधीच नसतं. आमचे शेठ म्हणतात, "दीदी, माल अपना, लेबल पार्टी का. इसमें दिल छोटा नहीं करने का." हे मी ताईंना जसंच्या तसं ऐकवलं. शिवणाऱ्या बायकांना याचं काय वाटतं, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलेलं नव्हतं. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

ताईंनी थोडा वेळ करार उलटसुलट केला. मग म्हणाल्या, "अर्पणपत्रिका? ती तरी माझी घालू देतील का? नाव नको. दोन ओळी फक्त. पुस्तकात तेवढं एक पान माझं असलं तर मी सही करते."

मी तिथूनच मालिकेच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या मॅडम घाईत होत्या. "हो हो, घाला ना, काहीही घाला. फक्त सीरियलशी मॅच झालं पाहिजे, एवढं बघा."

मी फोन ठेवला आणि ताईंना सांगितलं, "हो म्हणाल्या."

ताईंनी सही केली. वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी त्यांना सांगितला नाही. लपवायचं म्हणून नाही. मला तो किरकोळ वाटला आणि किरकोळ गोष्टी मी स्वतःकडे ठेवते.

त्यानंतर दर शनिवारी मी बदलापूरला जायचे. ताई शाळेच्या चौकोनी वह्यांमध्ये लिहायच्या, मी ते टाइप करायला आणायचे. शिवाय मी एक तक्ता केला होता. कादंबरी सुनेनं लिहिलेली आहे, तर ती सुनेला माहीत असलेल्या गोष्टींतूनच आली पाहिजे. म्हणून सून मालिकेत आजवर काय बोलली, कुठे गेली, काय खाते, कशाला घाबरते, हे सगळं मी जुने भाग बघून उतरवून काढलं. तिनं समुद्र पाहिलेला नाही. वडील दगडाच्या खाणीवर. आई गावी असते, गुडघे दुखतात. मांजरांची भीती. ताईंनी तिसऱ्या प्रकरणात समुद्र आणला तेव्हा मी तो काढायला लावला.

"अगं, कादंबरीतली बाई समुद्रावर गेलीय, सून नाही."

"पण लिहितेय सून ना, ताई. तिनं तो पाहिलेला नाही."

"मी तरी सुनेला कुठं पाहिलंय? लिहितेच आहे ना."

तरी त्यांनी समुद्राच्या जागी धरण घातलं. बारवी धरणावर त्या मुलांच्या सहली न्यायच्या, ते पाणी त्यांच्या ओळखीचं होतं, आणि खरं सांगायचं तर ते प्रकरण समुद्रापेक्षा चांगलं झालं. मग मालिकेत अचानक सुनेला एक हरवलेली बहीण सापडली. मला फोन आला की पुस्तकात कुठे 'एकुलती एक' असं आलं असेल तर बदला. नऊ ठिकाणी आलं होतं. ताई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "हिच्या नातेवाइकांची जनगणना होऊ दे, मग पुढचं लिहिते."

पण त्या खूश होत्या. मी त्यांना तशी पूर्वी पाहिलेली नव्हती. मी दाराशी पोचायच्या आत आतून आवाज यायचा, "ये, ये, तिचं आज भांडण झालंय." कुणाचं ते विचारावं लागायचं नाही.

शेवटच्या शनिवारी त्यांनी वही दिली आणि वर एक सुटा कागद. "हे पहिल्या पानासाठी." मी तो न वाचताच वहीत सरकवला. सोमवारी दुपारी बारापर्यंत सगळं पाठवायचं होतं आणि सोमवारी सकाळीच ताईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नवरा त्यांच्याबरोबर दवाखान्यात, मी उल्हासनगरला ऑफिसात. माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर खूण झाली होती, एक सोडून: अर्पणपत्रिका.

मी कागद उघडला. दोन ओळी होत्या. आईला उद्देशून होत्या आणि आई आता नाही हे त्यातून स्पष्ट कळत होतं. मी तक्ता पाहिला. सुनेची आई जिवंत. गुडघे दुखतात.

मला खरोखर एवढंच दिसलं. चूक सापडल्यावर मला जो एक प्रकारचा आनंद होतो, तोही झाला. ताईंना फोन करता आला असता. त्या ऑपरेशन टेबलावर असतील असं मी स्वतःला सांगितलं, पण त्या तेव्हा बाहेर बाकावर बसून नंबर यायची वाट बघत होत्या, हे नवऱ्याकडून नंतर कळलं. पाठवायला तासभर होता. मी कागद बाजूला ठेवला आणि लिहिलं: "माझ्या सासूबाईंना, ज्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि पेन दिलं." मालिकेच्या कथेत ते चपखल बसत होतं. मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पुस्तक गेलं. त्या दिवशी निघताना मी टेबल आवरलं आणि सगळे सुटे कागद फाडून टाकले. काम संपलं की मी नेहमी फाडते.

ताईंना सांगायचं राहिलं. डोळ्यात थेंब घालायच्या वेळा, काळा चष्मा, पथ्य, यांत दोन आठवडे गेले. त्या काळात त्या आमच्याकडेच राहिल्या होत्या. वाचायची बंदी होती, म्हणून प्रुफंही मीच तपासली. त्यांनी एकदा विचारलं, "पहिलं पान नीट आलंय ना?" मी म्हणाले, "छान आलंय."

प्रकाशन सोहळ्याचा भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही तिघं बसलो होतो. ताई काळा चष्मा लावून, मान मागे टेकून, फक्त ऐकत होत्या. पडद्यावर मोठा हॉल होता, फुलं, टाळ्या. सासूचं काम करणाऱ्या नटीच्या हातात पुस्तक दिलं गेलं. तिनं पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "माझ्या सासूबाईंना..."

त्यांनी माझी ओळ मालिकेत वापरली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. सासू रडली, सून रडली, संगीत वाढलं.

ताई सरळ बसल्या. "हे पुस्तकात आहे?"

नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

"मी विचारतेय, हे आपल्या पुस्तकात छापलंय?"

"हो," मी म्हणाले. "त्या सुनेची आई जिवंत आहे ना, ताई. जमत नव्हतं. म्हणून मी..." आणि तेव्हाही, पडद्यावर एवढे लोक टाळ्या वाजवत असताना, मला स्वतःच्या ओळीचं किंचित कौतुक वाटत होतं. हे कबूल करायला हवं.

ताईंनी चष्मा काढला नाही. "आई माझी होती," त्या म्हणाल्या. "तू तिची सासू करून टाकलीस."

त्या जेवल्या. आमटी छान झाल्याचंही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा बोलवायला सांगून बदलापूरला गेल्या. पथ्याचे आठ दिवस बाकी होते.

आईबद्दल मला नवऱ्यानं त्यानंतर सांगितलं. आमच्या लग्नानंतर सासूबाई चारच वर्षं होत्या आणि मला त्या कडक, कमी बोलणाऱ्या म्हणूनच आठवतात. त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. पण ताई शाळकरी असताना दुपारी त्या तांदूळ निवडायला बसायच्या आणि ताईंना वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावायच्या, हे मला माहीत नव्हतं. शेवट आवडला नाही की हातातलं सूप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे नाही बरोबर. दुसरं वाच." पुस्तकात दुसरं काही नसायचं. मग ताई पानाकडे बघत मनानं वाचायच्या. आईला पटेपर्यंत, कधी तीन-तीनदा.

"त्यांना माहीत होतं ताई बनवून वाचतायत म्हणून?" मी विचारलं.

"माहीत असणारच," नवरा म्हणाला. "पुस्तक मिटलेलं असायचं कधीकधी."

त्या कागदावरच्या दुसऱ्या ओळीत 'शेवट' हा शब्द होता, तो मला तेव्हा आठवला. वाचला तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता आणि ज्याचा अर्थ लागला नाही ते मी फाडलं होतं.

चूक झाली की दुरुस्त करायची, हा माझा स्वभाव. पुस्तक खपत होतं, दुसरी आवृत्ती निघणार होती. मी मालिकेच्या ऑफिसात फोन केला.

"अर्पणपत्रिका बदलायची? अहो, तीच तर हिट झालीय," मॅडम म्हणाल्या. "आणि त्याला लेखिकेची परवानगी लागेल."

"लेखिकेचीच इच्छा आहे."

"तुमच्या त्या ताईंची नाही हो. लेखिकेची. म्हणजे कॅरेक्टरची. म्हणजे चॅनलची."

मी अर्ज केला, स्मरणपत्र पाठवलं, दर पंधरवड्याला फोन केला. पाचव्या फोनला कळलं की मालिका आटोपती घेत आहेत. शेवटच्या भागात सून परदेशी गेली, पुढचं पुस्तक लिहायला. दुसरी आवृत्ती जशीच्या तशी निघाली होती. त्यानंतर त्या नंबरवर कुणी उचलत नाही.

आमच्या कारखान्यात पॅकिंगला एक बाई आहेत, पालेगावच्या. त्या एकदा डबा खाताना सांगत होत्या की त्यांचं आणि सासूचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, मग त्यांनी ते पुस्तक आणून पहिलं पान उघडून सासूपुढे ठेवलं. "मॅडम, काय लिहिलंय हो त्या बाईनं! आमच्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी." मी मान हलवली. मला आनंद व्हायला हवा होता. ओळ निदान कुणाच्या तरी कामी आली होती.

ताईंनी त्यानंतर काही लिहिलेलं नाही. आमचं बोलणं आहे, सणावारी येणं-जाणं आहे, थट्टाही आहे. दोन दिवाळ्या त्यांची कथा कुठल्याच अंकात नव्हती. संपादकांचा फोन आला तर त्या म्हणतात, "डोळ्यांना झेपत नाही." डोळे उत्तम आहेत. त्या रोज शब्दकोडी सोडवतात.

या वर्षी मी ठरवलं की त्यांच्या जुन्या कथांचं पुस्तक आपणच काढायचं. अंक मिळवले, कथा जुळवल्या, उल्हासनगरच्या एका छपाईवाल्याशी बोलले. पहिलं पान राहिलं. मग मी दोन ओळी आठवायला बसले. पहिलीत 'आई', दुसरीत 'शेवट', मधलं काही नाही. नवऱ्यालाही बसवलं. सात मजकूर तयार झाले. सातही व्याकरणाला चोख होते आणि कुठल्याही पुस्तकात शोभले असते.

कागद घेऊन मी बदलापूरला गेले. ताईंनी चष्मा लावला आणि शिक्षिकेच्या सवयीनं हातात पेन घेऊन सातही वाचले. चौथ्यात एका अनुस्वाराची दुरुस्ती केली.

"यातला कुठला होता?" मी विचारलं.

"एकही नाही."

"मग काय होतं? ताई, मी चुकले. मला तो कागद फाडायला नको होता, त्याच्या आधी बदलायलाच नको होता. आता हे पुस्तक तुमच्या नावाचं आहे. यात कुणाची परवानगी लागत नाही. तुम्हाला आठवतंय का?"

"आठवतंय की. शब्दन् शब्द."

मी पर्समधून पेन काढलं.

ताईंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या नव्हत्या. वर्गातल्या मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "सांगणार नाही गं. सांगितलं की तू ते कुठेतरी नीट बसवशील."

पुस्तकाला त्या नको म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. मी त्यांना अडवलं नाही. त्या पाठमोऱ्या झाल्या तोवर मी मनातल्या मनात त्या न सांगितलेल्या दोन ओळींसाठी दुसरी जागा शोधायला लागलेच होते.